दोन्ही टोकांना पिन

राजोडी, रविवार, २० एप्रिल २०२५

सदामामा,

वाकूनच नमस्कार करतेय, कारण पेनाचं टोपण खाटेखाली गेलंय.

तुम्ही म्हणालात फोनवर ओरडू नकोस, मला ऐकू येत नाही, चार ओळी लिहून पाठव. मी हसले होते. आता माझाच फोन तेलात पडलाय. भजीच्या तेलात नाही, ट्रान्सफॉर्मरच्या! म्हणजे हो, परत नवीन काम. मनालीचं मोमोचं दुकान सुटलं, मालवणचं बोटीच्या तिकिटांचं टेबल सुटलं. दोन दिवसांसाठी राजोडीचा समुद्र बघायला आले ती इथेच राहिले. काशीरामकाका आणि जिजामावशी यांची केळीची वाडी आहे, वाडीत दोन खोल्या बांधून ते शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतात. मी त्यांची पडवी घेतलीय. त्या बदल्यात पाहुण्यांच्या चादरी बदलते आणि घरातलं विजेचं बारीकसारीक बघते. तुमची भाची म्हटल्यावर तेवढं येतंच, असं मीच त्यांना सांगितलंय.

रोज सकाळी वालीवला जाते. तिथे लेस्टर अंकलचं वर्कशॉप आहे. जळालेले ट्रान्सफॉर्मर येतात, आम्ही त्यांची जुनी तार उतरवून नवी गुंडाळतो. मी वेढे मोजते. तीनशे बाराला आले आणि बाहेर कोणीतरी पोपट घेऊन स्कूटरवरून गेलं, खरा पोपट, खांद्यावर. झालं, परत एकपासून.

पण मामा, मला एक सांगा, कारण मी खरंच हादरलेय. आतली दोन वेटोळी एकमेकांना शिवतच नाहीत! मध्ये कागद, तेल, लोखंड. एकातून वीज जाते आणि दुसऱ्यातून येते, आणि मध्ये तार नाही. मी अंकलना म्हटलं, हे तुटलंय. ते म्हणाले, "तुटलेलं नाय गो, असंच असतं." असंच असतं म्हणजे काय? छत्तीस वर्षं तुम्ही खांबांवर चढलात, मला कधी सांगितलं नाहीत!

काशीरामकाका जुना जनरेटर घेणार आहेत. तो मीच जोडणार. बघा, कामाला लागलेय.

आर्या

*

नाटळ, ता. कणकवली, २६ एप्रिल

आर्याबाय,

पत्र पोचलं. टोपण सापडलं नसणार, शाई पसरलीय.

सांगितलं नाही म्हणतेस. सांगायला बसलो की तू झाडावर असायचीस. आता बस.

आपली वीज एका दिशेने वाहत नाही. सेकंदाला पन्नास वेळा जाऊन माघारी येते. ती एका वेटोळ्यात फिरली की मधल्या लोखंडात चुंबक जागं होतं, मावळतं, उलटं जागं होतं. हे चुंबक सारखं बदलत असतं, म्हणून शेजारच्या वेटोळ्यात वीज उभी राहते. तार लागत नाही. शेजारच्या घरात भांडण झालं की आपल्या घरात कुजबुज सुरू होते, मध्ये भिंत असली तरी. बॅटरीची वीज दिशा बदलत नाही, म्हणून ती दिली तर ट्रान्सफॉर्मर नुसता तापतो, पलीकडे काही येत नाही.

दाब वेढ्यांवर ठरतो. जिकडे वेढे जास्त तिकडे व्होल्ट जास्त. तुझ्या वाडीच्या कोपऱ्यावर खांबावर जी डीपी, म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर, असेल, तिच्यात वरून अकरा हजार व्होल्ट जातात आणि खाली घराला दोनशे तीस मिळतात. म्हणून वेढे मोजताना पोपट बघायचा नसतो.

आणि हे नीट वाच. वीज जिथून आत जाते ती प्रायमरी, जिथून बाहेर येते ती सेकंडरी. हे नाव वेटोळ्याला जन्माचं चिकटलेलं नाही, ते त्याच्या कामावरून पडतं.

आता प्रश्न. डीपीला वरून न देता खालून, घराच्या बाजूने, दोनशे तीस दिले तर काय होईल? जनरेटरला हात लावण्याआधी उत्तर लिहून पाठव. कोणाला विचारायचं नाही.

सदामामा

*

राजोडी, रविवार, ४ मे

सदामामा,

भांडण आणि कुजबुज! मी ते अंकलना सांगितलं, ते इतके हसले की हातातलं सोल्डरिंग आयर्न पडलं. आता वर्कशॉपमध्ये ट्रान्सफॉर्मर गुणगुणला की सगळे म्हणतात, शेजारी भांडताहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिणार होते. मग गुरुवारी जनरेटर आला, आणि राहिलं. पण तुम्ही खूश व्हाल असं सांगते. हिरवा, जुना, दोरी ओढून चालू होणारा. काशीरामकाकांना इलेक्ट्रिशियनने पाच हजार सांगितले होते, नवी पेटी, चेंजओव्हर स्विच, काय काय. मी दोनशे रुपयांत केलं! एक जाड वायर घेतली आणि दोन्ही टोकांना पिन लावली. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी न्हाणीच्या गीझरच्या सॉकेटमध्ये. सॉकेटमधून वीज घेतात, मी घातली. अख्खं घर पेटलं! पंखे, पंप, फ्रीज, सगळं. जिजामावशीने माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या.

मेन स्विच पाडायला हवा होता म्हणतात, पण इथला मेन खाऱ्या हवेने गंजून जाम झालाय, दांडाच तुटलाय. मी काकांना म्हटलं, राहू द्या. लाईट गेलेलीच असते, मेन कशाला पाडायचा? डीपीवरून काही येतच नसतं. रस्त्यावरचा दिवा लागला की जनरेटर बंद करायचा, एवढंच.

कोपऱ्यावरची डीपी पाहिली. तिच्यावर आमचं घर आणि बाजूचा एक बंद बंगला, बस. तिच्याखाली उभं राहिलं की हूं हूं ऐकू येतं. आता मला त्याचा अर्थ कळतो, म्हणून मी तिथे बराच वेळ उभी होते आणि बस चुकली.

आर्या

*

नाटळ, ९ मे
(स्पीड पोस्ट)

आर्या,

पत्र आज सकाळी मिळालं.

ती वायर आत्ता तोड. हे पत्र खाली ठेव, पक्कड घे, दोन्ही पिना कापून टाक, मग पुढे वाच.

घरातून घातलेली वीज घरात थांबत नाही. मेन चालू असेल तर मीटरमधून बाहेर पडते, डीपीच्या खालच्या बाजूला पोचते, आणि डीपी तिला वर चढवते. दोनशे तीसचे अकरा हजार होतात. ट्रान्सफॉर्मरला सरळ-उलट कळत नाही. जी सेकंडरी होती ती प्रायमरी होते. वरची लाईन बंद आहे म्हणून कोणी खांबावर चढला असेल, तर ती त्याच्या हातात जाते.

तुझा फोन बंद आहे. तुझ्या लेस्टर अंकलचा नंबर माझ्याकडे नाही. शेजारच्या मनोरमाला फोन लावायला सांगून दोनदा बघितलं. म्हणून हे पत्र.

तोडलीस की उलट टपाली एक ओळ. बाकी काही लिहू नकोस.

मामा

*

राजोडी, रविवार, ११ मे

सदामामा,

तुमचं पत्र आलं नाही, मीच लिहितेय. काल इथे जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

शुक्रवारी संध्याकाळी वारं सुटलं. सुरूचं एक झाड मोडून वरच्या लाईनवर पडलं, तार तुटली. सकाळपर्यंत लाईट नाही. घरात आठ पाहुणे, टाकीत पाणी नाही, जनरेटरला पेट्रोल नाही. अकरा वाजता लाईनमन आला, धनेशदादा, इथल्याच गावातला, सगळ्यांना नावाने ओळखतो. रस्त्यावर पन्नास माणसं जमली होती. मी पण होते, पुढेच.

त्याने आमच्यादेखत सबस्टेशनला फोन लावला, स्पीकरवर. तिथल्या ऑपरेटरचं नाव विघ्नेश.

"विघ्न्या, बंद हाय ना?"

"बंद आहे. कुलूप लावून किल्ली खिशात ठेवलीय. चढ."

मग धनेशदादा झोळीतून एक साखळी आणि दांडा काढायला लागला. साखळीला गाठ बसली होती, तो ती सोडवत बसला. लोक वैतागले. मी म्हटलं, "दादा, पूजा मांडताय का? चढा ना आधी, सोळा तास झाले!" सगळे हसले. तो पण हसला. "चढतो गो आई," म्हणाला आणि साखळी तिथेच टाकून चढला.

मामा, त्याने तारेला हात लावला आणि एक आवाज आला. ओली चादर आपटल्यासारखा. मग तो कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत होता आणि त्याच्या बाहीतून धूर येत होता. काशीरामकाका आणि दोघे शिडी लावून चढले, दोराने खाली घेतला. त्याच सुमाराला पेट्रोल आलं म्हणून जिजामावशीने पाहुण्यांसाठी जनरेटर लावला होता, तोही फटकन बंद पडला, पण तेवढ्यात चढलेलं पाणी तरी नळाला होतं त्याच्या तोंडावर मारायला.

जिवंत आहे. पण हात जळलाय.

आणि तो विघ्नेश! बंद आहे म्हणून सांगतो आणि लाईन चालू करतो! आम्ही सगळे टेम्पोत बसून सबस्टेशनला गेलो. मी सगळ्यात मोठ्याने ओरडले, खुनी म्हटलं त्याला. तो नुसता किल्ली दाखवत होता. "हे बघा, हे बघा ना," एवढंच. संध्याकाळी त्याला निलंबित केलं. तक्रारीखाली साक्षीदार म्हणून सही कोण करणार विचारलं, मी केली. फोनवरचं बोलणं मी ऐकलं होतं ना.

दोन जवळचे मित्र होते म्हणे ते. एकाच दिवशी कामाला लागलेले.



आर्या

*

राजोडी, बुधवार, १४ मे

मामा,

तुमचं पत्र काल आलं.

मी ते तीनदा वाचलं. वायर सॉकेटमधून उपटली, पण पिना कापवल्या नाहीत. मग वर्कशॉपला गेले. घरात बसवेना. अंकलना म्हटलं, मला खोटं ठरवा. त्यांनी दोन सारखे छोटे ट्रान्सफॉर्मर घेतले, दोनशे तीसचे बारा करणारे. पहिल्याचे बारा व्होल्ट बाहेर आले, ते दुसऱ्याला उलटे दिले, बाराच्या बाजूने. दुसऱ्या टोकाला दोनशे तीसचा बल्ब. मी मनात म्हणत होते, लागू नको, लागू नको.

लागला. अगदी स्वच्छ लागला.

अंकलनी विचारलं, "काय झालं, बाय?" मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ क्रॉस करत होते छातीवर.

माझ्या डोक्यात वीज म्हणजे पाणी होतं, मामा. वरून खाली येतं, खालून वर जात नाही. एवढंच मला वाटत होतं, शपथ.

संध्याकाळी काकांना आणि मावशीला सांगितलं. काका आधी हसले. मग हसू तसंच राहिलं तोंडावर, पुसायचं विसरल्यासारखं. म्हणाले, "बाय, वायर तुझी, घर आमचं. आता कोनाला सांगशील तर तू पन आत, आम्ही पन आत. तू तर फिरस्ती. बॅग उचल नि जा. कोनी इचारनार नाय." जनरेटरची दोरी त्या दिवशी मावशीने ओढली होती. ती चुलीपाशी जाऊन आपला हात उलटासुलटा करून बघत बसली.

बॅग भरलीय. गोव्याला एलिसा म्हणून मैत्रीण आहे, तिच्याकडे काम मिळेल. मी आजवर दहा गावं सोडली, सोडताना कधी विचार केला नाही. या वेळी तुम्हाला विचारतेय. सांगा तसं करते.

आर्या

*

नाटळ, १९ मे

आर्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

आधी माझं. पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस की जनरेटर मी जोडणार. मला धोका तेव्हाच कळला होता. सरळ लिहायचं होतं की असं करू नकोस, माणूस मरतो. मी कोडं घातलं. भाची उत्तर शोधील, मग मी शाबासकी देईन, ही हौस. धनेशचा हात जळला त्यात माझाही वाटा आहे.

आता तुझं. तू साखळीचं लिहिलंस. ती अर्थिंगची साखळी. लाईन बंद असली तरी लाईनमनने चढण्याआधी ती तारांवर टाकून जमिनीशी जोडायची असते, मग चुकून कुठूनही वीज आली तरी जमिनीत जाते. धनेशने ती टाकली नाही. नियमाने चूक त्याची आहे. चौकशीत हे निघेलच. विघ्नेश त्यावर सुटेल कदाचित, आज नाही तर उद्या.

म्हणून सांगतो, गोव्याला नको, इकडे ये. वायर जाळून ये. गुन्हा दाखल झाला तर तुला तुरुंग आहे. तू तेवीस वर्षांची आहेस, तुला माझ्याशिवाय कोणी नाही. छत्तीस वर्षांत मी एकही नियम मोडला नाही. हा मोडतो.

ये.

मामा

*

वसई, सोमवार, २६ मे

मामा,

तुमचं पत्र वाचून मी बॅगेवरच बसले. मला वाटलं होतं तुम्ही शिव्या घालाल. तुम्ही 'ये' लिहिलंत. वायर, जनरेटर, बल्ब, कशानेही हादरले नाही तेवढी त्या एका शब्दाने हादरले.

आणि मी येणारच होते, खोटं कशाला बोलू. गाडी रविवारी संध्याकाळची होती. पण ती साखळी, मामा. तुम्ही लिहिलंत त्याने टाकली नाही. तो टाकत होता. गाठ सोडवत होता. पूजा मांडताय का, असं कोण म्हणालं? ते तुमच्या चौकशीत कधीच निघणार नाही. लोकांनी हसण्यावारी नेलं, कोणाला आठवणारही नाही. मला आठवतं.

म्हणून काल दुपारी, गाडीच्या आधी, हॉस्पिटलला गेले. नुसतं बघून येऊ म्हटलं. घरातून निघताना जिजामावशी मागून आली. काकांनी वायर समुद्रात टाक म्हणून तिला दिली होती, तिने ती तांदळाच्या डब्यात लपवली होती. माझ्या हातात दिली. "ने. नि सांग, दोरी जिजाने ओढली." काकांना ठाऊक नाही.

धनेशदादा जागा होता. हात खांद्यापर्यंत बांधलेला. मला ओळखलं. "काय गो, पूजेवाली!" मामा, तो हसला.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वायर काढून दाखवली. त्याने दोन्ही टोकं बघितली, आधी एक, मग दुसरं. त्याला समजवायला लागलं नाही, माझ्यासारखं. तो डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं आता ओरडेल. नर्सला बोलवेल.

मग म्हणाला, "विघ्न्या मला भेटाला आलेला. दरवाजातच माझ्या भावाने त्याच्या थोबाडीत मारली. मी हितून बघत होतो. बोललो नाय काय. वीस वर्सांचा दोस्त, आन मी नुसता बघत होतो." बाजूचा फोन मला उचलायला लावला, नंबर लावायला लावला, कानाला धरायला लावला. चार वेळा. विघ्नेशने उचलला नाही.

"उद्या चौकशी हाय त्याची. कामावरनं काढनार. तू जा. वायर घेऊन जा. नि त्याला सांग, तुझी लाईन बंदच होती." मग तोंड भिंतीकडे केलं. "तुझ्यावर मला काय राग हाय तो मी नंतर बघीन. आदी त्याचं कर."

मी गाडी सोडली. आज सकाळी इथे वीज ऑफिसात आले. आत चौकशी चाललीय, ती करणाऱ्या मॅडमनी साक्षीदार म्हणून थांबायला सांगितलंय. त्यांना वाटतंय मी जुनीच साक्ष द्यायला आलेय. बाकावर बसून हे लिहितेय. शेजारी एक माणूस बसला होता, निळा शर्ट, मांडीवर फाईल. मी त्याला ओळखलं. त्याने मला नाही. त्या दिवशी मी गर्दीतलं नुसतं एक तोंड असणार.

"तुमचं काय काम, ताई?" त्याने विचारलं. "बिलाचं असेल तर ती खिडकी पलीकडे आहे. इथे बसून दिवस जाईल तुमचा."

मामा, त्याला आज कामावरून काढणार आहेत आणि तो मला खिडकी दाखवत होता.

मी पिशवीतून वायर काढली आणि त्याच्या फाईलवर ठेवली. म्हटलं, ही मी बनवली. राजोडीच्या डीपीखालच्या घरात ही लावलेली होती. धनेशदादांनी निरोप दिलाय, तुझी लाईन बंदच होती.

तो वायरीला शिवला नाही. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी, पण चेहऱ्यात कोणी नव्हतं. मग उठला, कोपऱ्यातल्या माठातून पाणी प्यायला, परत आला. मी तयार होते, काहीही म्हणाला असता तरी.

त्याने विचारलं, "कुठला हात?"

मी म्हटलं, काय?

"धनेशचा. कुठला हात भाजला? मला कोणी आत सोडलं नाही. कोणी सांगितलंच नाही मला."

मी म्हटलं, उजवा. दोन बोटं काढली. बाकीचा हात वाचेल म्हणतात.

"उजवा." तो बाकावर बसला, माझ्या अगदी शेजारी. "उजवा ना? नक्की?" आणि तोंडावर फाईल धरून रडायला लागला. "डावखुरा आहे हो तो, ताई. डावखुरा आहे."

मॅडमनी आतून माझं नाव पुकारलंय. वायर घेऊन जातेय.

आर्या